स्थाननियोजनाची गणिती प्रतिमाने

स्थाननियोजनाची गणिती प्रतिमाने : कारखाना, बाजारपेठ, शाळा, दवाखाना, कोठार यांसारखे एखादे कार्य कोठे असावे, तसेच एकाच आवारात, नगरात वा गावात निरनिराळ्या कार्यांची परस्परसापेक्ष मांडणी कशी असावी, हे अंतर, लोकसंख्या, वजन, वाहतूकखर्च, प्रवासास लागणारा वेळ अशा मोजता येणाऱ्या राशींवरून ठरविण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. अशा प्रत्येक प्रतिमानाची तीन अंगे असतात : ज्या ठिकाणांहून मागणी येते ती ठिकाणे व त्यांचे भार, जेथे सेवा उभारता येईल अशी संभाव्य स्थाने, आणि जी राशी किमान अथवा कमाल करावयाची ते उद्दिष्ट. पहिली दोन अंगे पाहणीने मिळतात. तिसरे निवडावे लागते. या विषयाचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर गणित जसजसे समर्थ होत गेले तसतसा उद्दिष्टाच्या निवडीचा प्रश्न अधिक ठळक होत गेल्याचे दिसते. कोणाचे अंतर मोजावयाचे, सर्वांचे सरासरी अंतर पाहावयाचे की सर्वांत दूर राहणाऱ्याचे, आणि मोजणीच्या बाहेर कोण राहतो, यांवर उत्तर अवलंबून असते.

धाराशिव (२०२३ पर्यंतचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यातील भूम तालुका या दृष्टीने उद्‍बोधक आहे. बालाघाटच्या डोंगररांगांत व त्यांच्या उतारांवर पसरलेला हा तालुका अवर्षणप्रवण व विरळ लोकवस्तीचा असून तालुक्याचे गाव, आठवड्याच्या बाजाराची गावे, लहान खेडी आणि शेतांतील वस्त्या अशी वसाहतींची उतरंड त्यात आढळते. प्रतिमानांचे गुण व मर्यादा अशा प्रदेशात स्पष्ट दिसतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत या तालुक्याचा व त्याच्या परिसराचा आधार ठिकठिकाणी घेतला आहे.

उगम : त्रिकोणाच्या तीन शिरोबिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज किमान असणारा बिंदू कोणता, हा प्रश्न सतराव्या शतकात फ्रेंच गणिती प्येअर द फेर्मा यांनी मांडला व इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्ली यांनी तो सोडविला. तो निव्वळ भूमितीचा प्रश्न होता. आर्थिक व्यवहाराशी त्याची सांगड पुढे जर्मनीत घातली गेली. मेक्लेनबुर्गमधील जमीनदार योहान हाइन्‍रिख फोन ट्यूनेन यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सर्वत्र सारख्या कसाची जमीन आणि मधोमध एकच नगर असलेल्या एकाकी राज्याची कल्पना केली. नगरापासून अंतर वाढेल तसा वाहतूकखर्च वाढतो व जमिनीपासून मिळणारा खंड घटतो. म्हणून नगराभोवती पिकांची वलये निर्माण होतात, असे त्यांनी आपल्या शेताच्या हिशेबवह्यांतील आकड्यांवरून दाखविले. सर्वांत आतल्या वलयात दूध व भाजीपाला, त्यापलीकडे सरपणाचे जंगल, मग धान्य आणि सर्वांत बाहेर गुरचराई असा हा क्रम होय.

कारखान्याच्या जागेचा विचार व्हिल्हेल्म लाउनहार्ट यांनी १८८२ मध्ये आणि आल्फ्रेट व्हेबर यांनी १९०९ मध्ये केला. कच्च्या मालाची ठिकाणे व बाजारपेठ यांना जोडणारा त्रिकोण घेऊन, वजन व अंतर यांच्या गुणाकारांची बेरीज जेथे किमान होते तेथे कारखाना असावा, हे व्हेबर यांच्या सिद्धांताचे सार आहे. ज्या मालाचे वजन प्रक्रियेत घटते त्याची प्रक्रिया उगमाजवळ आणि ज्याचे वजन टिकते वा वाढते त्याची प्रक्रिया बाजारपेठेजवळ होते, हा त्याचा निष्कर्ष.

भूम तालुका व त्यातील कुंथलगिरीचा परिसर खव्यासाठी प्रसिद्ध आहे. ही प्रसिद्धी व्हेबर यांच्या नियमाशी नेमकी जुळते. एक किग्रॅ. खव्यास म्हशीचे सुमारे साडेचार ते पाच लिटर दूध आटवावे लागते. बाकीचे बहुतेक पाणी असून ते वाहून नेण्यात अर्थ नसतो. शिवाय दूध काही तासांत नासते, तर खवा त्यापेक्षा अधिक टिकतो. रेल्वे नसलेल्या व मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या तालुक्यात भट्ट्या दूध उत्पादकांजवळ राहणे त्यामुळे स्वाभाविक ठरले. ट्यूनेन यांच्या वलयांत दुधाचे स्थान नगरालगत आहे. आटवून घनरूप केलेल्या दुधाला मात्र ते बंधन राहत नाही. दूध शीत करून टँकरने नेण्याची सोय झाली, की याच गणितातील राशी बदलतात व उत्तरही बदलू शकते.

महाराष्ट्रातील साखर कारखानदारी हे याच नियमाचे मोठे उदाहरण होय. शंभर टन उसापासून सुमारे दहा ते अकरा टन साखर मिळते आणि तोडलेल्या उसातील शर्करा प्रतिदिन घटत जाते. म्हणून कारखाना उसाच्या शेतांमध्येच असावा लागतो. प्रवरानगर येथील सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. कारखान्यांची संख्या वाढल्यावर प्रश्नाचे रूप पालटले. एका कारखान्याचे योग्य स्थान शोधण्याऐवजी दोन कारखान्यांत किती अंतर असावे हे ठरविणे भाग पडले. केंद्र शासनाने २००६ मध्ये किमान १५ किमी. हवाई अंतराची अट घातली व महाराष्ट्रात पुढे ती २५ किमी. करण्यात आली. अशी अट कारखान्याला पुरेसा ऊस मिळण्याची खातरजमा करते. शेतकऱ्याला दुसरा खरेदीदार किती जवळ मिळेल, हे तिच्या उद्दिष्टात येत नाही.

बाजार, प्रदेश व सीमा : अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ हॅरल्ड होटेलिंग यांनी १९२९ मध्ये एका सरळ रस्त्यावरील दोन विक्रेत्यांचा प्रश्न मांडला. ग्राहक रस्त्यावर सारखे विखुरलेले असतील, तर प्रत्येक विक्रेता दुसऱ्याचे ग्राहक ओढण्यासाठी मध्याकडे सरकतो व अखेर दोघेही मध्यावर एकमेकांलगत येतात. अशा वेळी ग्राहकाला सरासरीने रस्त्याच्या लांबीच्या एकचतुर्थांश इतके अंतर तोडावे लागते. दोघे रस्त्याच्या पाव व पाऊण अंतरांवर बसले असते, तर ते एकअष्टमांश झाले असते. विक्रेत्यांचे हित आणि ग्राहकांचे अंतर ही दोन उद्दिष्टे वेगळी आहेत, हे या साध्या गणिताने प्रथमच स्पष्ट केले. तालुक्याच्या एकाच चौकात औषधांची सारी दुकाने दाटीने असावीत आणि चार कोसांवरील गावात एकही नसावे, याची उपपत्ती त्यातून लागते.

व्हाल्टर क्रिस्टालर यांनी दक्षिण जर्मनीचा अभ्यास करून १९३३ मध्ये मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत मांडला. प्रत्येक सेवेला टिकण्यासाठी किमान ग्राहकसंख्या लागते आणि ग्राहक त्या सेवेसाठी काही मर्यादेपर्यंतच प्रवास करतो. या दोन मर्यादांमुळे लहान केंद्रे जवळजवळ व मोठी केंद्रे दूरदूर विखुरली जातात आणि त्यांची सेवाक्षेत्रे षट्कोनांच्या जाळ्यासारखी बसतात. आउगुस्ट लश यांनी १९४० मध्ये या जाळ्याला अधिक व्यापक आर्थिक पाया दिला.

या सिद्धांतात सपाट, एकविध व अखंड प्रदेश गृहीत धरलेला असतो. भूमचा इतिहास त्यापेक्षा वेगळा आहे. नकाशावर भूमपासून बार्शी ही जिल्ह्याच्या ठाण्याहून जवळ आहे. परंतु १९४८ पर्यंत भूम हैदराबाद संस्थानात, तर बार्शी मुंबई इलाख्यातील सोलापूर जिल्ह्यात होती. संस्थानाचे हाली नाणे वेगळे होते आणि मालावर करोडगिरी म्हणजे जकात द्यावी लागे. कुर्डुवाडीहून बार्शीस १८९७ मध्ये आलेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी लोहमार्गवाट १९११ पर्यंत लातूरला पोहोचली. तिने बार्शीच्या पेठेला बळ दिले, पण भूम तिच्या वाटेवर आले नाही. अंतराने जवळची पेठ सीमेपलीकडे आणि शासनाची सारी कामे विरुद्ध दिशेला, अशी स्थिती त्यामुळे होती. राजकीय सीमा सेवाक्षेत्रांचे तुकडे करते, हा मुद्दा लश यांनी आपल्या ग्रंथात चर्चिला आहे. ती सीमा १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर राज्यसीमा राहिली नाही. जिल्हासीमा म्हणून ती आजही आहे आणि जिल्हावार आखलेल्या योजनांचे हिशेब तिच्याशी येऊन थांबतात.

क्रिस्टालर यांच्या सिद्धांताचा पहिला मोठा वापर ज्या परिस्थितीत झाला, तीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्यापलेल्या पोलंडमध्ये नव्या जर्मन वसाहतींची आखणी करणाऱ्या कार्यालयात त्यांनी काम केले. तेथील पोलिश व ज्यू रहिवाशांना हुसकावून किंवा नष्ट करून मोकळ्या होणाऱ्या भूमीवर मध्यवर्ती स्थानांचे जाळे बसवावयाचे होते. गणितात दोष नव्हता. रहिवाशांचा भारच शून्य धरला होता. लश यांनी मात्र नाझी राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्याचे टाळले. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले.

नागपूर योजना : सूत्रावरून प्रदेशाची आखणी करण्याचा भारतातील सर्वांत महत्त्वाचा प्रारंभिक प्रयत्न नागपूर येथे झाला. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांच्या व संस्थानांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद तेथे भरली व देशाच्या रस्त्यांची वीस वर्षांची योजना तयार झाली. विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून (सु. ८ किमी.) अधिक दूर नसावे, हे तिचे मूळ सूत्र होते. प्रमुख रस्त्यांची मैलांतील लांबी काढण्यासाठी शेतीक्षेत्राच्या चौरस मैलांचा एकपंचमांश, बिगरशेती क्षेत्राचा एकविसांश, २,००१ ते ५,००० लोकवस्तीच्या प्रत्येक गावामागे १ मैल आणि ५,००० हून मोठ्या प्रत्येक गावामागे ५ मैल अशी बेरीज करावयाची, तीत भावी विकासासाठी भर घालावयाची व क्षेत्रातील लोहमार्गाची लांबी वजा करावयाची, असे सूत्र ठरले.

एकपंचमांश हा आकडा कसा आला, हे साध्या भूमितीने कळते. १० मैल बाजूच्या चौरसांची रस्त्यांची जाळी कल्पिली, तर कोणताही बिंदू रस्त्यापासून ५ मैलांहून दूर राहत नाही. प्रत्येक चौरसाची परिमिती ४० मैल. पण प्रत्येक बाजू दोन चौरसांत विभागली जात असल्याने एका चौरसाच्या वाट्याला २० मैल रस्ता येतो. १०० चौ. मैलांना २० मैल म्हणजे एकपंचमांश. बिगरशेती क्षेत्रासाठी ४० मैल बाजूचे चौरस धरले असता १,६०० चौ. मैलांना ८० मैल, म्हणजे एकविसांश, हे प्रमाण येते. दूरातिदूर बिंदूची मर्यादा आधी ठरवून तीवरून लांबी काढणारे हे सूत्र आहे. त्या काळाच्या मानाने ही दृष्टी प्रगत होती.

त्याच सूत्रात विषमतेची तीन बीजेही होती. पहिले असे, की शेतीक्षेत्र व बिगरशेती क्षेत्र या वर्गीकरणावर अंतराची मर्यादा चौपट बदलत असे. डोंगरउतारावरील माळरानाची नोंद कोणत्या रकान्यात होते, यावर तेथील वस्तीला ५ मैल चालावयाचे की २०, हे ठरे. दुसरे असे, की लोहमार्ग प्रदेशाच्या एका कडेने गेला तरी त्याची लांबी साऱ्या प्रदेशाच्या आकड्यातून वजा होई; ज्या गावांना त्या गाडीचा उपयोग नाही त्यांच्या वाट्याचा रस्ताही त्यात कमी होई. तिसरे बीज ग्रामीण रस्त्यांच्या पूरक सूत्रात होते. त्यात ५०० पर्यंत वस्तीच्या गावामागे एकपंचमांश मैल, ५०१ ते १,००० पर्यंत अर्धा मैल, १,००१ ते २,००० पर्यंत १ मैल आणि २,००१ ते ५,००० पर्यंत २ मैल रस्ता धरला जाई. लहान वस्ती बहुधा दूरही असते. सूत्र मात्र तिला तिच्या लोकसंख्येप्रमाणे मोजी, अंतराप्रमाणे नव्हे. पाच लहान गावांच्या वाट्याला मिळून एक मैल रस्ता येई आणि तो त्यांपैकी कोणत्या गावाला मिळावयाचा, हे सूत्र सांगत नसे.

पुढे १९६१–८१ साठी मुंबई योजना व १९८१–२००१ साठी लखनौ योजना आखण्यात आली. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने लांबीऐवजी वसाहतींची गणना हा आधार घेतला : सपाट प्रदेशात ५०० व त्याहून अधिक, तर डोंगरी राज्ये, आदिवासी व वाळवंटी भाग यांत २५० व त्याहून अधिक लोकसंख्येची, बारमाही रस्ता नसलेली प्रत्येक वसाहत जोडावयाची. सरासरीकडून प्रत्येक वसाहतीच्या हक्काकडे झालेला हा बदल मूलगामी होय. तथापि ५०० हा उंबरठा ओलांडू न शकणारी वस्ती येथेही मूळ उद्दिष्टाच्या बाहेर राहिली.

सेवाकेंद्रांचे अभ्यास : १९७० च्या सुमारास मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत ग्रामीण नियोजनात वापरण्याचे प्रयत्न भारतात सुरू झाले. हैदराबाद येथील राष्ट्रीय समुदाय विकास संस्थेने सुधीर वनमाळी यांचा पूर्व महाराष्ट्रातील सामाजिक सोयींच्या प्रादेशिक नियोजनाविषयीचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध केला. ललित सेन व सहकाऱ्यांचा मिर्यालगुडा तालुक्याचा अभ्यास तेथूनच १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणती सेवा किती लोकसंख्येच्या गावात आढळू लागते, हे प्रत्यक्ष पाहणीवरून काढून सेवाकेंद्रांची निवड करणे, ही या अभ्यासांची रीत होती. नियोजनाचे एकक राज्य वा जिल्हा न धरता तालुका धरणे ही त्यांची मोठी देणगी होय. मात्र जेथे सेवा आधीच टिकून आहेत तेथेच लोकसंख्या व व्यवहार वाढलेले असतात. त्यामुळे प्रचलित उतरंडीवरून काढलेले निकष त्या उतरंडीचेच पुनरुत्पादन करण्याचा संभव असतो, ही त्यांची मर्यादा.

संगणकयुगातील प्रतिमाने : व्हेबर यांचा बिंदू पुनरावृत्त गणनेने शोधण्याची रीत हंगेरियन गणिती एन्द्रे व्हाइसफेल्ड यांनी १९३७ मध्ये दिली, परंतु ती दुर्लक्षित राहिली व १९६२ मध्ये हॅरल्ड कून आणि रॉबर्ट क्यूने यांनी स्वतंत्रपणे शोधल्यावर प्रचारात आली. दरम्यान फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये मांडलेला वाहतुकीचा प्रश्न आणि जॉर्ज डँट्‌सिग यांची १९४७ मधील सिंप्लेक्स पद्धती यांमुळे शेकडो चलराशींचे हिशेब पद्धतशीरपणे करणे शक्य झाले. एस. एल. हकीमी यांनी १९६४ मध्ये रस्त्यांच्या जाळ्यावरील दोन प्रश्न वेगळे केले. एकूण भारित अंतर किमान करणारे स्थान म्हणजे मध्यगा आणि सर्वांत दूरच्या ठिकाणाचे अंतर किमान करणारे स्थान म्हणजे केंद्र. मध्यगा नेहमी जाळ्याच्या एखाद्या नाक्यावर, म्हणजे गावातच, मिळते हेही त्यांनी सिद्ध केले. कॉन्स्टंटाइन टोरेगास, चार्ल्स रेव्हेल व सहकारी यांनी १९७१ मध्ये आच्छादनाचे प्रतिमान मांडले : ठरावीक अंतराच्या आत प्रत्येक ठिकाण येण्यास कमीत कमी किती केंद्रे लागतील? १९७४ मध्ये रिचर्ड चर्च व रेव्हेल यांनी त्याची उलट बाजू घेतली : केंद्रांची संख्या पैशाने मर्यादित असेल, तर त्या अंतराच्या आत जास्तीत जास्त किती लोक आणता येतील? हे कमाल आच्छादनाचे प्रतिमान अमेरिकेतील ऑस्टिन शहरात रुग्णवाहिकांची ठाणी ठरविण्यासाठी वापरले गेले.

या प्रतिमानांतील फरक एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. १२ किमी. लांबीच्या रस्त्यावर एका टोकाला ३,००० वस्तीचे गाव आहे. तेथून ४ किमी. वर ८०० वस्तीचे खेडे आणि दुसऱ्या टोकाला ४०० वस्तीची वाडी आहे. एकच दवाखाना उभारावयाचा आहे. मध्यगा मोठ्या गावात पडते. सरासरी अंतर १·९ किमी. येते, पण वाडीला १२ किमी. जावे लागते. दवाखाना मधल्या खेड्यात ठेवला, तर सर्वांत दूरचे अंतर ८ किमी. वर येते, मात्र सरासरी ३·६ किमी. होते. रस्त्याच्या ऐन मध्यावर ठेवल्यास कमाल अंतर ६ किमी. होते, पण तेथे गाव नाही व सरासरी ५·२ किमी. पर्यंत वाढते. आता ५ किमी. च्या आत जास्तीत जास्त लोक आणावयाचे ठरविले, तर दवाखाना मोठ्या गावात ठेवा की खेड्यात, ४,२०० पैकी ३,८०० लोक, म्हणजे नव्वद टक्के, मर्यादेत येतात. उरलेले दहा टक्के दोन्ही वेळा तेच असतात : वाडीतील ४०० माणसे. त्यांना मर्यादेत आणावयाचे तर दुसरे केंद्र लागते आणि ते केवळ त्यांच्यासाठी असते.

मांडणीची प्रतिमाने : एका आवारातील कार्यांच्या मांडणीचा प्रश्न त्यालिंग कोपमन्स व मार्टिन बेकमन यांनी १९५७ मध्ये गणिती रूपात मांडला. प्रत्येक दोन कार्यांमधील ये-जा आणि त्यांना दिलेल्या जागांमधील अंतर यांच्या गुणाकारांची बेरीज किमान करावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. दहा कार्ये दहा जागांवर ३६,२८,८०० प्रकारे मांडता येतात. कार्ये वीस झाली, की ही संख्या मोजणीच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून दोन कार्यांच्या जागांची अदलाबदल करून हळूहळू सुधारणा करणाऱ्या रीती १९६० नंतर प्रचारात आल्या. अल्वालिद एल्शाफेई यांनी १९७७ मध्ये कैरोतील अहमद माहेर रुग्णालयाच्या १९ विभागांची अशी मांडणी केली. रुग्णांची एका विभागातून दुसऱ्यात होणारी पायपीट हीच त्यात किमान करावयाची राशी होती.

मांडणीत कोणती ये-जा मोजली जाते याचे महत्त्व धाराशिव व लातूर जिल्ह्यांनी अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी संपूर्णपणे वसविण्यात आली. धारण केलेल्या जमिनीनुसार २५०, ४०० व ७५० चौ. फुटांची घरे देण्यात आली आणि बहुतेक नव्या गावांची आखणी सरळ रस्ते व सारखे भूखंड यांनी झाली. ही आखणी कोणत्याही गणिती प्रतिमानाने काढलेली नव्हती; पण भूकंपसुरक्षितता, मोकळी जागा व घरांचे क्षेत्रफळ ही तिची उद्दिष्टे होती व ती मोजता येण्याजोगी होती. जुन्या दाट गावातील गल्ली, भाऊबंदांची लागून असलेली घरे, गोठा व शेत यांमधील रोजची ये-जा या राशी तीत नव्हत्या. नवी गावे जुन्यांपेक्षा कितीतरी विस्तीर्ण झाली व पाणी, देऊळ, शाळा आणि शेजार यांची अंतरे वाढली. कोपमन्स–बेकमन यांच्या भाषेत सांगावयाचे, तर जागांमधील अंतरांचा तक्ता तयार होता. माणसांच्या ये-जाचा तक्ता भरला गेला नव्हता.

महाराष्ट्रातील निकष व एककाचा प्रश्न : शासकीय नियोजनात स्थाननिवड बहुधा प्रतिमान सोडवून न होता निकषांनी होते, परंतु प्रत्येक निकष हे एक संक्षिप्त प्रतिमानच असते. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष संख्येवर आधारलेला आहे. विरळ वस्तीच्या तालुक्यात तेवढी लोकसंख्या गाठण्यासाठी क्षेत्र फार मोठे घ्यावे लागते. पहिली ते पाचवीची शाळा १ किमी. च्या आत व सहावी ते आठवीची ३ किमी. च्या आत असावी, हा शिक्षण हक्क कायद्याखालील महाराष्ट्राचा निकष अंतरावर आधारलेला आहे. या दोन प्रकारच्या निकषांत संघर्ष होऊ शकतो. दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झाला, तेव्हा किमान पटसंख्येचा निकष अंतराच्या निकषासमोर उभा राहिला होता. राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या सेवेने प्रवासाचा वेळ ही मोजपट्टी पुढे आणली. घाटवाटांच्या व नाल्यांच्या मुलखात अंतरापेक्षा ती अधिक न्याय्य आहे.

आकडे कोणत्या एककासाठी काढले जातात, यावरही उत्तर अवलंबून असते. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्यातील प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप केले. राज्याच्या सरासरीशी प्रत्येक जिल्ह्याची तुलना करून तिने एकूण सु. ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. मराठवाड्याची तूट प्रथमच आकड्यांत मांडली गेली, हे या अहवालाचे ऐतिहासिक महत्त्व होय. परंतु जिल्हा हे एकक धरल्यावर जिल्ह्याच्या पोटातील फरक सरासरीत विरतात. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्याचा पूर्व भाग वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. त्यामुळे पूर्वेकडील तालुक्यांचे जिल्ह्याच्या ठाण्याशी असलेले अंतर घटले, भूम व परंडा या पश्चिमेकडील तालुक्यांचे होते तेवढेच राहिले. दोन्ही जिल्ह्यांची सरासरी मात्र सुधारली.

मूल्यमापन : स्थाननियोजनाच्या प्रतिमानांवर ती यांत्रिक असल्याचा आक्षेप घेतला जातो. तो पूर्णतः ग्राह्य नाही. प्रतिमान नसताना स्थाने ठरतच नाहीत असे नाही. ती वजनदार व्यक्तींच्या आग्रहाने, उपलब्ध गायरानावरून किंवा पूर्वीच्या सोयीजवळ नवी सोय या सवयीने ठरतात आणि त्या निर्णयामागील उद्दिष्ट कोठेही लिहिलेले नसते. प्रतिमानात ते लिहावे लागते, म्हणून त्यावर प्रश्न विचारता येतो. नागपूरच्या सूत्रातील उणिवा ऐंशी वर्षांनंतरही दाखविता येतात, त्या ते सूत्र लेखी असल्यामुळेच.

खरी अडचण दुसरी आहे. रस्ता, शाळा, दवाखाना, बस, बँक यांचे हिशेब निरनिराळी खाती स्वतंत्रपणे करतात. प्रत्येक हिशेबात नव्वद टक्के लोक मर्यादेत येतात व प्रत्येक खात्याला आपले काम समाधानकारक वाटते. पण लहान आकार आणि मोठे अंतर ही दोन्ही कारणे सर्व हिशेबांत समान असल्याने शिल्लक राहणारे दहा टक्के दर वेळी वेगळे नसतात. बालाघाटच्या उतारावरील जी वस्ती रस्त्याच्या सूत्राबाहेर राहते, तीच बहुधा शाळेच्या पटाबाहेर व आरोग्य केंद्राच्या अंतराबाहेर राहते. पाच स्वतंत्र अहवालांत दहा दहा टक्के म्हणून दिसणारी तूट त्या वस्तीत शंभर टक्के असते.

यावरचा उपाय गणितातच आहे. सर्व सेवांचा हिशेब एकत्र मांडणे, जिल्ह्याऐवजी वसाहत हे एकक धरणे, जिल्हासीमेपलीकडील जवळचे केंद्र मोजणीत घेणे आणि एका सेवेत वगळलेल्या वस्तीला दुसऱ्या सेवेत अधिक भार देणे, या गोष्टी संगणकीय नकाशांमुळे आज तालुक्याच्या पातळीवरही करता येतात. सरासरीबरोबर मर्यादेबाहेर राहिलेल्या वसाहतींची नावनिशीवार यादी प्रत्येक योजनेसोबत प्रसिद्ध होणे, ही त्यातील सर्वांत साधी व कमी खर्चाची पायरी होय. ट्यूनेन यांनी नगराला मध्य धरून आपली वलये बाहेरच्या दिशेने काढली. अशी यादी हाती असल्यास तोच नकाशा बाहेरच्या वलयापासून आत वाचता येतो.